अडथळा क्रमांक एक

४ नोव्हेंबर, सोमवार. रात्री ९.१०

आजपासून ही वही सुरू करीत आहे. ती केवळ माझ्या स्वतःच्या उपयोगासाठी आहे. अन्य कोणी वाचू नये म्हणून कपाटात, पदवी प्रमाणपत्राच्या फाइलखाली ठेवली जाईल.

कारण पुढीलप्रमाणे. काल सानगडीच्या आरोग्य शिबिरात माझा रक्तदाब १५६/९८ निघाला. वय पंचावन्न. वाणिज्य पदवीधर. तंबाखू नाही, दारू नाही, एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही उशिरा पोहोचलो नाही. अशा माणसाचा रक्तदाब का वाढावा, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी उलट मलाच झोपेविषयी विचारले. आठ तास, असे मी सांगितले. उठल्यावर ताजेतवाने वाटते का? नाही. घोरता का? नाही. मग त्यांनी माझ्या पत्नीकडे, धुरपताकडे पाहून विचारले की घरच्यांचे म्हणणे काय. ती तोंड उघडत होती. परंतु मागे रांग होती, म्हणून तिच्या वतीने मीच सांगितले की आमच्या घराण्यात कोणी घोरत नाही.

सल्ला: सात ते आठ तासांची अखंड झोप. शिबिरात वाटलेले पत्रक घरी आणून तीनदा वाचले. झोप अपुरी राहिल्यास रक्तदाब, मधुमेह, विस्मरण, चिडचिड, अपघात. 'अखंड' या शब्दाखाली पट्टी धरून रेघ मारली आहे.

निर्णय: ९.४५ अंथरूण. १०.०० झोप. ५.३० जाग. एकूण साडेसात तास. महिनाभरात रक्तदाब १३०/८५. अपयशाचे कोणतेही कारण दिसत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६.००

पहिल्या रात्रीचा अहवाल. पडताक्षणी झोप लागली. तथापि ती अखंड नव्हती. धुरपताने खांदा हलवून उठवले: ११.४०, १.०५, २.२०, ३.१५, ४.००. (उशाशी घड्याळ ठेवले आहे.) दर वेळी "कुशीवर व्हा जी" एवढेच बोलली. पाच अडथळे आणि पाचांचे कारण एक. सबब तिची नोंद 'अडथळा क्रमांक एक' अशी केली आहे. यात राग नाही, वर्गीकरण आहे. क्रमांक दोन डास. क्रमांक तीन शेजारच्या मंगलाबाईंचा कुत्रा.

चहाच्या वेळी खुलासा मागितला. ती म्हणाली, "तुमचा दम थांबते जी. मले भेव लागते."

मी शांतपणे समजावले की दम थांबला तर माणूस मरतो. मी मेलेलो नाही. अर्थात दम थांबत नाही. तिने चहा गाळला. तर्काला उत्तर नसले की ती चहा गाळते.

९ नोव्हेंबर, शनिवार

गेल्या पाच रात्रींतील अडथळे: पाच, सात, सहा, सहा, आठ. प्रवृत्ती वाढीची आहे.

परिणाम कामावर होत आहे. मी धान खरेदी केंद्रावर ग्रेडर आहे. शेतकऱ्याने आणलेल्या धानातील ओल यंत्रावर मोजायची, सतरा टक्क्यांच्या वर निघाली तर वाळवायला परत पाठवायचे. डोळ्यांत तेल घालून करायचे काम.

आज दुपारी २.१० वाजता डोळे मिटून विचार केला. ३.२५ वाजता विचार पूर्ण झाला. मधल्या काळात वजनकाट्यावरच्या बाबुलालने कोणालाही आत येऊ दिले नाही. साहेब विचार करून राहिले, असे सांगून रांग थांबवली. ही समज मला आवडली. मात्र गोपीचंद नावाच्या शेतकऱ्याने साहेबांचा विचार पार सडकेपर्यंत ऐकू येते असे म्हटले आणि रांगेतील सर्वजण हसले. अर्थ लागला नाही. त्याच्या धानात अठरा टक्के ओल निघाली, हा निव्वळ योगायोग.

१३ नोव्हेंबर, बुधवार

काल गावची मंडई. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात आणि रात्री दहापासून पहाटेपर्यंत नाटक चालते. एरवी बसच्या पाच मिनिटांच्या विलंबाने संतापणारे लोक येथे थंडीत आठ तास ताडपत्रीवर बसतात. झोपेच्या महत्त्वाविषयी या जिल्ह्यात संपूर्ण अज्ञान आहे.

मी गेलो नाही. धुरपताला मंगलाबाईंबरोबर पाठवले. हेतू दुहेरी: तिला करमणूक, मला अखंड झोप.

सकाळी मंगलाबाई अंगणात येऊन पोट धरून हसत होत्या. धुरपता पहिली घंटा झाली तशी ताडपत्रीवर आडवी झाली ती थेट पहाटे उठली. मध्ये खलनायकाने दोन खून केले, बंदुका उडाल्या, नाच झाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. ही जागची हलली नाही. शेवटी ताडपत्री गुंडाळणारे खोळंबले, तेव्हा मंगलाबाईंनी तिला गदागदा हलवले.

"काहून भाऊजी," मंगलाबाई म्हणाल्या, "घरी झोपू देत नाही का जी तुमी हिले?"

मी विनोदाला स्मित केले. धुरपताने मान खाली घातली. परंतु तिचा चेहरा, हे नोंदवणे आवश्यक आहे, कधी नव्हे इतका उजळ दिसत होता. नाटक चांगले असावे.

माझी रात्र. एकही धक्का नाही. तरीही तीनच्या सुमारास उठून बसलो. घसा कोरडा, छाती धडधडत, घाम. पाण्यातून वर आल्यासारखे वाटले. कारण: संध्याकाळी मंडईतून मागवलेला आलूबोंडा. तो यापुढे बंद.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

धुरपतामध्ये आळस वाढत आहे. रविवारी विहारात वंदना सुरू असताना बसल्या जागी झोपली. समोरच्या बाईच्या पाठीवर डोके टेकले. काल दूध उतू गेले आणि ती चुलीशेजारी डोळे उघडे ठेवून बसलेली होती. आज वांगी चिरताना बोट कापले. विचारले तर म्हणते, काही नाही, डोळा लागला.

मी तिला समोर बसवून पत्रक वाचून दाखवले. झोपेची ठराविक वेळ, दुपारी डुलक्या नकोत, मन निश्चिंत हवे. दुसऱ्या परिच्छेदावर तिचा डोळा लागला. मजकूर उत्तम असल्याने मी शेवटपर्यंत वाचला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

निर्णय: अडथळा क्रमांक एकचे स्थलांतर. धुरपताचे अंथरूण मधल्या खोलीत टाकले. यात तिचेही हित आहे, असे मी तिला सांगितले. तिने उशी उचलली. मग म्हणाली की निदान दार उघडे ठेवा.

दार उघडे ठेवले. परिणाम: रात्रीतून चार वेळा अनवाणी येऊन खांदा हलवून गेली.

२७ नोव्हेंबर, बुधवार. रात्री ९.४०

आतून कडी लावली आहे.

२ डिसेंबर, सोमवार

पाच रात्री कडी. पाच रात्री एकही धक्का नाही. योजना यशस्वी. सकाळी डोके जड असते, तोंड कोरडे असते, केंद्रावर विचार करण्याची वेळ दोन तासांवर गेली आहे. परंतु हे सवय बदलाचे तात्पुरते परिणाम होत. गावातल्या दवाखान्यात रक्तदाब पाहिला: १६४/१००. तेथील यंत्र जुने असावे.

आज ५.३० वाजता कडी काढली तर दार जड लागले. बाहेरून धुरपता दाराला पाठ लावून बसली होती. अंगावर वाकळ, पाय पोटाशी. थंडी मरणाची. मला वाटले आताच उठली असेल. परंतु शेजारी पाण्याचा तांब्या होता, जपून झाकलेला; म्हणजे मुक्कामाची तयारी होती.

मी विचारले की स्वतंत्र खोली दिली असताना येथे काय चालले आहे.

"अंदर झोपच येत नाही जी. इथून आवाज येते."

कसला आवाज, असे विचारले.

"कोनताही. येत राह्यला म्हणजे झालं."

पाचही रात्री ती तेथेच होती. स्त्रियांचा संशयी स्वभाव म्हणतात तो हाच. कडीचा निर्णय कायम.

८ डिसेंबर, रविवार. दुपारी २.००

आज एक महत्त्वाची घटना घडली. क्रमाने लिहितो.

काल आमची मुलगी खुशबू आणि जावई प्रफुल्ल चिखल्याहून आले. प्रफुल्ल तेथील खाणीत भूमिगत कामावर आहे. शांत, निर्व्यसनी मुलगा. आईचा चेहरा पाहून खुशबूने तिला आत नेले आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन माझ्याशी भांडण काढले. मी सांगितले की भांडण नको, पुरावा पाहू. रात्री कडी उघडी ठेवीन, धुरपता पूर्वीप्रमाणे माझ्या खोलीत झोपेल आणि मोबाईल रात्रभर ध्वनिमुद्रण करील. विनाकारण धक्के कोण मारते हे सर्वांसमोर सिद्ध होईल. सर्वांनी मान्यता दिली. धुरपता फक्त म्हणाली की राहू द्या ना.

सकाळी न्याहारीनंतर सर्वांना बसवून मुद्रण लावले. मी ते आधी ऐकले नव्हते. निःपक्षपातीपणासाठी तसे करणे योग्य नव्हते.

प्रथम वाटले, सडकेवरून थ्रेशर चालले आहे. तसे म्हणालोही. प्रफुल्ल हळूच म्हणाला, "मामाजी, हे तुमीच हा."

मग आवाज एकाएकी थांबला. मी म्हटले, पाहा, शांतता. प्रफुल्ल मोबाईलवरचे सेकंद पाहत होता. त्या शांततेत अगदी जवळून, दबक्या आवाजात धुरपता मोजत होती. पाच, सहा, सात. वीसवर बांगड्या वाजल्या.

"घ्या जी. दम घ्या ना."

नंतरचा आवाज मी यापूर्वी एकदाच ऐकला आहे. लहानपणी गावच्या तलावात बुडणाऱ्या एका मुलाला वर काढले होते, तेव्हा त्याने पहिला श्वास घेतला तो.

पुन्हा थ्रेशर. पुन्हा शांतता. पुन्हा एक, दोन, तीन. अकरा मिनिटांत सहा वेळा. मग खुशबू उठून स्वयंपाकघरात गेली आणि प्रफुल्लने मोबाईल बंद केला.

धुरपता एखादी चूक पकडली गेल्यासारखी बसली होती. म्हणाली की ती वीसच्या पुढे जाऊ देत नाही. एकदा डोळा लागला आणि तीसच्या वर गेले, तेव्हा माझे ओठ निळे दिसले होते.

रात्री ९.३०

पुराव्याचे परीक्षण. (१) मोबाईल सहा वर्षे जुना; बारीक आवाज मोठा करून दाखवणे हा त्याचा दोष आहे. (२) एका रात्रीचा नमुना अपुरा. (३) वीसपर्यंत मोजण्याची धुरपताची गती निश्चित नाही. सबब निष्कर्ष काढता येत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

जाताना प्रफुल्लने सांगितले की त्यांच्याकडील एका फिटरला असेच होते. नागपुरात रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी केली. आता तो नाकाला यंत्र लावून झोपतो आणि त्याची बायकोही झोपते. मी सांगितले की खरेदीचा हंगाम सुरू आहे, फेब्रुवारीत पाहू. खुशबूने विचारले की तोपर्यंत आईने काय करायचे. उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता.

धुरपताला पुन्हा खोलीत घेतले आहे. याला माघार म्हणता येणार नाही. थंडी वाढली आहे.

१५ डिसेंबर, रविवार

काल एक प्रयोग केला. रात्री जागा राहून, डोळे मिटून, ती काय करते ते पाहायचे ठरवले. अंधारात ती उठून भिंतीला टेकून बसली. मी श्वास मुद्दाम थांबवला. तिने तत्काळ मोजायला सुरुवात केली. नऊवर मीच श्वास सोडला. तिने हात काढून घेतला.

तोवर तो हात माझ्या पाठीवर होता, हे मला कळलेच नव्हते.

पुढील निरीक्षण झोप लागल्याने राहून गेले.

२१ डिसेंबर, शनिवार. भंडारा, रुग्णालय

घाईत लिहीत आहे. पेन परिचारिकेचे.

आज साकोलीला रक्तदाबासाठी डॉक्टरांची वेळ घेतली होती. खुशबूने फोनवर बजावले होते की आईला बरोबर न्या आणि या वेळी तिलाच बोलू द्या. म्हणून स्कूटरवर मागे बसवले. वेग ताशी पस्तीस. डॉक्टरांना तिने काय सांगावे हे मी वाटेत तिला समजावत होतो. झोपेची शिस्त, अखंडता इत्यादी. ती ऐकत होती असे मला वाटत होते.

मागून एक मोटारसायकलवाला ओरडत आला आणि आडवा थांबला. म्हणाला, काका, बाई पडली ना तुमची. मागे वळून पाहिले तर सीट रिकामी.

ती गतिरोधकापाशी पडली होती. मी तेथून सहाशे मीटर पुढे आलो होतो. सहाशे मीटर मी बोलत होतो.

गळपट्टीचे हाड मोडले. डोक्याला नऊ टाके. शुद्धीवर आहे. गतिरोधकावर पांढरे पट्टे नव्हते. संबंधित कार्यालयाला पत्र लिहिणार. मसुदा:

महोदय, आज सकाळी दहाच्या सुमारास माझी पत्नी स्कूटरवर मागे बसली असता गतिरोधकामुळे, किंबहुना त्यापूर्वीच झोप लागल्याने

२२ डिसेंबर, रविवार. रुग्णालय

पत्र रद्द.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. विचारले की बाई रात्री किती तास झोपतात. मी म्हणालो, १०.०० ते ५.३०, साडेसात तास. त्यांनी विचारले, त्या की तुम्ही?

खुशबू पलंगाच्या पलीकडे उभी होती. ती डॉक्टरांकडे नव्हे, माझ्याकडे पाहून बोलली. "मी आठवीत होती ना बाबा, तवापासून पाहून राहिली. आई रातभर बसून राहते. तुमी उठले का ती चूल पेटवते."

खुशबू आता सत्तावीस वर्षांची आहे.

डोक्याच्या तपासणीत आत काही निघाले नाही. रक्तदाब मात्र १८०; माझा नव्हे, तिचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हाड सहा आठवड्यांत जुळेल, पण बाईंना झोपू द्या. यांना औषध म्हणून झोपच लिहून देण्यासारखी आहे.

२४ डिसेंबर, मंगळवार. रुग्णालय. रात्री

ती कालपासून झोपली आहे. जेवायला उठते, पुन्हा झोपते. वॉर्डात मुले रडतात, कोणाचा मोबाईल वाजतो, ट्रॉल्या खडखडतात. ती जागची हलत नाही.

लग्नाला एकोणतीस वर्षे झाली. झोपलेली असताना तिचा चेहरा कसा दिसतो हे मला ठाऊक नव्हते. मी झोपताना ती जागी, मी उठताना ती जागी. तोंड किंचित उघडे राहते. कपाळावरची आठी नाहीशी होते. ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान आहे, हे आता दिसते.

१.४० वाजता तिने झोपेतच न दुखावलेला हात लांब केला आणि पलंगाचा लोखंडी कठडा दोनदा हलवला. काहीतरी पुटपुटली. मी वाकून ऐकले. कुशीवर व्हा जी.

मी कठड्याच्या बाजूने स्टुलावर बसलो होतो. कुशीवर होता येण्यासारखे नव्हते.

२९ डिसेंबर, रविवार. सानगडी

खुशबू तिला चिखल्याला घेऊन गेली. मी हरकत घेतली की स्वतःचे घर असताना रुग्णाने शंभर किलोमीटरचा प्रवास करणे अयोग्य आहे. खुशबू म्हणाली, तिथं ती झोपते. धुरपता गाडीत बसेपर्यंत मंगलाबाईंना सांगत होती की तुमच्या भाऊजींकडे लक्ष ठेवा, रात्री एखादा आवाज द्या. मंगलाबाई या वेळी हसल्या नाहीत.

घरात कोणतेही अडथळे नाहीत.

३ जानेवारी, शुक्रवार

रोज नऊ तास अंथरुणात. रोज तीन-चार वेळा छाती धडधडत उठून बसतो. आलूबोंडा नोव्हेंबरपासून बंद आहे.

आज केंद्रावर यंत्र हातात असताना उभ्याने विचार सुरू झाला. बाबुलालने धरले, नाहीतर धानाच्या ढिगावर पडलो असतो. त्याने पाणी दिले आणि म्हणाला की साहेब, तुमी विचार नाही करत, तुमी झोपता. आम्ही रांग थांबवतो ते तुमच्या इज्जतीसाठी. मी त्याला उद्धटपणाबद्दल ताकीद देणार होतो. दिली नाही.

संध्याकाळी प्रफुल्लला फोन करून नागपूरच्या तपासणीची चौकशी केली. २३ जानेवारीची तारीख मिळाली. हंगाम सुरू आहे, तरीही घेतली.

तोवर वीस दिवस. निर्णय: धुरपताला परत आणायचे, परंतु तपासणी होऊन यंत्र मिळेपर्यंत मी रात्री जागेन आणि ती झोपेल. दिवसा केंद्रावर झोपण्याची व्यवस्था आहेच. योजना निर्दोष आहे. मला निश्चयाची कमतरता कधीच नव्हती.

५ जानेवारी, रविवार. चिखला

दोन बस बदलून दुपारी बाराला पोहोचलो. खाणीच्या वसाहतीत तीन पाळ्यांचे काम चालते, म्हणून कोण केव्हा झोपेल याचा नेम नाही. येथे एक रीत आहे. रात्रपाळीचा माणूस आत झोपला असेल तर बाहेरच्या कडीला गमछा बांधून ठेवतात. गमछा दिसला की दार कोणी वाजवत नाही. भाजीवाला ओरडत नाही, मुले खेळ दुसऱ्या गल्लीत नेतात. एकतीस वर्षे नोकरी करून मी झोपेचा इतका मान कोठे पाहिला नाही.

खुशबूच्या दाराला गमछा होता. प्रफुल्ल रात्रपाळीला असेल असे समजून पायरीवर बसलो. पाऊण तासाने प्रफुल्ल समोरून भाजीची पिशवी घेऊन आला. तो पहिल्या पाळीचा निघाला. आज त्याची सुटी होती. गमछा त्याने सासूसाठी बांधला होता.

तो मला मागच्या दाराने आत नेऊ लागला. मी म्हटले, राहू दे. आम्ही दोघे पायरीवर बसून राहिलो. अडीच वाजता आतून तिच्या खोकल्याचा आवाज आला, तेव्हा त्याने गमछा सोडला.

धुरपता भरली आहे. गालावर रंग आहे. हात गळ्यात अडकवलेला. मला पाहताच पहिला प्रश्न: रातचं कोनी आवाज देते का तुमाले? मी म्हटले, देतात. मंगलाबाईंनी दोनदा दिला होता, हे खरे आहे.

मी योजना सांगितली. २३ तारखेविषयी सांगितले. मी जागेन, तू झोप, हेही सांगितले. खुशबू पोळ्या लाटता लाटता थांबली. माझ्याकडे इतके पाहिले की मला अवघडल्यासारखे झाले. ती म्हणाली की आज रात्री इथेच करून दाखवा, मग आईला न्या. धुरपता म्हणाली, "कायले जी त्रास घेता." पण ती हसत होती. ती अशी हसते हे मी विसरलो होतो.

रात्री ९.४५

व्यवस्था: धुरपता आतल्या खोलीत, खुशबूजवळ. मी बाहेरच्या खोलीत, लाकडी खुर्चीवर. गादी नाकारली आहे. दिवा चालू. थर्मासमध्ये काळा चहा. दर पंधरा मिनिटांनी वहीत नोंद करणार. पहाटे पाचपर्यंत एकोणतीस नोंदी.

१०.०० जागा. आत शांतता. ती झोपली असावी.

१०.१५ जागा. चहा घेतला. इतकी वर्षे मी रात्र कशी असते हे पाहिलेच नाही. दूर खाणीत यंत्र चालू आहे.

१०.३० जागा. तिला परत नेल्यावर खिडकीजवळचे अंथरूण तिला द्यायचे. मधल्या खोलीचे दार काढून टाकायचे. कडीची आता गरज

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१५

वरची नोंद अपूर्ण आहे. त्यापुढील नोंदी नाहीत.

जाग आली तेव्हा दिवा बंद होता आणि खिडकीत उजेड होता. अंगावर खुशबूची रजई. मान उजवीकडे वळवून तिच्याखाली उशी दिलेली. धुरपता खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती, पाठ भिंतीला. एक हात गळ्यात, दुसरा माझ्या छातीवर. डोळे लाल. कपाळावर आठी.

आतल्या खोलीच्या दारात खुशबू उभी होती. ती चहा ठेवायला गेली.

मी धुरपताला विचारले, केव्हापासून बसली आहेस.

"आत्ताच आली जी," ती म्हणाली. मग तिने विचारले, "झोप झाली का बरोबर?"

मी झाली म्हणालो. आम्हा दोघांच्या उत्तरांपैकी तेवढे एक खरे होते.